चालायला सुरुवात कर, पण हळूहळू
वजन जास्त आहे तर प्रेग्नन्सीत चालावं की पडून राहावं असं विचारलंयस, तर डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली नसेल तर नक्की चाल गं. आठवड्याला 150 मिनिटं म्हणतात पण सवय नसेल तर आधी रोज 10 मिनिटंच, मग वाढव, आणि चालताना बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले की स्पीड कमी कर. गुडघे दुखत असतील तर पोहणं बेस्ट, पाण्यात अंगाचा भार जाणवतच नाही. वजन उतरवायचं डाएटिंग आत्ता अजिबात नको, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 30 च्या वर असला तरी पूर्ण प्रेग्नन्सीत 5 ते 9 किलो वाढणं ठीक धरतात. शुगर-बीपीच्या टेस्ट चुकवू नकोस प्लीज. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं असं काही झालं तर तिथेच थांब आणि लगेच डॉक्टरांना फोन कर.