अनुभव धागा: राजकारणाच्या मालिका आणि रात्रीचे दीड

मंडळी, मारामारी नाही, पाठलाग नाही. चार माणसं टेबलाभोवती बसून एका कलमावरून हुज्जत घालतायत आणि रात्री दीड वाजता आपण म्हणतोय, "एकच भाग, मग झोपतो." हे व्यसन कुणाकुणाला आहे? कुठली मालिका थोर यावर वाद नको. तुम्ही नेमके कशात अडकलात ते लिहा.

श्रीगणेशा मीच करतो. बीबीसीची 'येस मिनिस्टर', १९८० सालची. त्यातला खात्याचा सचिव सर हम्फ्री मंत्र्याला तोंडावर 'नाही' म्हणणं टाळतो. त्याच्या भाषेत निर्णय 'वादग्रस्त' म्हणजे मतं जाणार, 'धाडसी' म्हणजे निवडणूकच जाणार. हे ऐकलं तेव्हा मी नोकरीत नवा होतो. साहेबांनी माझ्या टिपणीवर नुकतंच 'धाडसी प्रस्ताव' असं लिहिलं होतं. मी तो कागद कौतुकाने घरी दाखवायला आणला होता!

*

व्हाइट हाउसवरच्या 'वेस्ट विंग' या अमेरिकन मालिकेतल्या चालता चालता बोलण्याने आधी मलाच धाप लागायची. सबटायटल वाचू की माणसं बघू? मग दुसऱ्या सीझनमधला स्टॅकहाउसचा भाग आला. शुक्रवारची रात्र, सगळ्यांना घरी जायचंय आणि हा म्हातारा सिनेटर विधेयक अडवायला उभा राहून बोलतोय. बसायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, थांबला की संपलं. म्हणून तो चक्क पाककृती वाचत सुटतो. आधी हसू येतं. मग कळतं, नातवाला ऑटिझम आहे आणि म्हाताऱ्याला त्यासाठीची तरतूद हवीय. शेवटी व्हाइट हाउसची माणसं नियमातच फट शोधतात: दुसऱ्या सिनेटरने प्रश्न विचारला, तर बोलायचा हक्क न सोडता याला जरा टेकता येतं. प्रश्न कितीही लांबला तरी चालतो. आणि मदतीला गाठतात कोणाला, तर आजोबा झालेल्या सिनेटरांना. ती शेवटची पाच मिनिटं मी तीनदा पाहिली. संसदीय नियमावलीसाठी रडणारी मी एकटीच नसेन.

*

'बोर्गेन'. डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा, बहुमताला ९०. मी वही घेऊन बसायचे: हा पक्ष आला, तो रुसला, आता किती? मालिकेतल्या महिला पंतप्रधान बिर्गिटची बेरीज जमते आणि तिकडे घर मोडत जातं. मालिका २०१० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्या देशाला खरोखरची पहिली महिला पंतप्रधान मिळाली.

*

योगायोगच म्हणाल तर जुनं ब्रिटिश 'हाउस ऑफ कार्ड्स'. थॅचरबाईंनंतरच्या सत्तास्पर्धेची गोष्ट, पहिला भाग नोव्हेंबर १९९० मध्ये लागला आणि त्याच आठवड्यात बाईंनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकन आवृत्ती मी अर्ध्यात सोडली. सगळेच कपटी असले की कपटाची गंमत जाते.

*

मी निवृत्त सरकारी कर्मचारी. 'येस मिनिस्टर'मध्ये एक नवं कोरं रुग्णालय आहे, पाचशे कर्मचारी आणि रुग्ण एकही नाही. मुलगी हसून लोळत होती. मी तिला म्हटलं, पदं वेळेत भरली नाहीत तर परत जातात, रुग्ण काय नंतरही येतील. यात हसण्यासारखं काय आहे?