रोलप्लेमध्ये समोरच्यानं माझं कॅरेक्टर परस्पर मारून टाकलं, आता काय करायचं?

सातरस्ता_ते_शनी

नमस्कार मंडळी, प्रश्न येडचाप वाटेल पण डोक्याला शॉट झालाय म्हणून विचारतो. आम्ही सात जण, जुने कॉलेजचे, तिघं सोलापुरात, बाकीचे पुणे हैदराबाद असे पांगलेले, गेले आठ महिने एका ग्रुपवर लिहून रोलप्ले खेळतोय. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, एकानं चार ओळी लिहायच्या मग पुढच्यानं. साल २१९०, 'गड्डा' नावाचं जुनाट मालवाहू यान आहे, ते सेरेस नावाच्या बटुग्रहावरनं बर्फ भरून मंगळावर नेतं. मी त्यात पाण्याच्या टाक्या सांभाळणारा मेकॅनिक, नाव मल्लू. सोलापूरकराला पाणी सोडून दुसरं काय सांभाळायला देणार, चार-पाच दिवसाआड नळ येणाऱ्या घरात वाढलोय. मल्लूच्या टाक्यांचा हिशोब मी खरंच वहीत ठेवतो, किती लिटर, कुठला व्हॉल्व्ह, कधी बंद केला, सगळं. बायको हसते.

तर दोन महिन्यांपूर्वी मित्राचा एक मित्र आला, कॅप्टन म्हणून. लिहितो भारी, ते मान्य. पण परवा त्यानं काय लिहिलं ते जसंच्या तसं टाकतो:

"कॅप्टननं एका झटक्यात मल्लूच्या हातातला पाना हिसकावला. मल्लू थरथर कापायला लागला आणि कबूल झाला की टाकी त्यानंच फोडली. कॅप्टननं त्याला एअरलॉकमधून बाहेर फेकलं. मल्लू संपला."

मी रात्री साडेअकराला ड्युटीवरनं येऊन फोन बघतो तर मी मेलेलो. वर कबुलीपण देऊन बसलोय. टाकी मी फोडलीच नाही हो! विचारलं तर म्हणतो गोष्ट पुढं नको का जायला बे, तू सहा तास ऑफलाइन होतास. मग मलापण राग आला, मी लिहिलं की मल्लूनं दारातली कडी पकडली, आत आला आणि कॅप्टनलाच कोंडलं. त्यानं लिहिलं कॅप्टनकडं क्वांटम चावी आहे. मी लिहिलं चावी आधीच बदललेली. असं पहाटे दोनपर्यंत. आता ग्रुपवर कोणी काही लिहीना झालंय. याचे काही नियम असतात का, की मीच जास्त मनाला लावून घेतोय?

एमएच_तेरा

मनाला लावून घ्यायचीच गोष्ट आहे. याला गॉडमोडिंग म्हणतात, म्हणजे देव होऊन दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं पण आपणच ठरवणं. मी बरीच वर्षं असले खेळ खेळतोय आणि भांडणं बघितली ती बहुतेक सगळी इथनंच सुरू झालेली. आपण लिहायचा तो प्रयत्न, त्याचा निकाल समोरच्यानं लिहायचा. कॅप्टननं एवढंच लिहायला पाहिजे होतं की "कॅप्टननं पान्याकडं हात टाकला." बास. तिथं थांबायचं. पाना सुटला का, मल्लू घाबरला का त्यानं उलट कॅप्टनच्या मनगटावर हाणला, हे तू लिहिणार. तुझी बोटं, तुझा मल्लू. आणि ते "कबूल झाला" तर मारण्यापेक्षा वाईट, कारण मेलेला माणूस कसाबसा परत आणता येतो पण दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातले की ते कॅरेक्टर त्याचं राहतच नाही.

पण दादा, तूपण चुकलास. गोष्टीतलं भांडण गोष्टीत ठीक, पण खेळणाऱ्यांचं भांडण गोष्टीत खेळत बसायचं नसतं. आम्ही डबल कंसात लिहितो, कंसात आलं की ते कॅरेक्टरचं नाही, माणसाचं बोलणं. पहिल्याच पोस्टला कंस टाकून "भावा, हे मला न विचारता झालं, दोन पोस्ट मागं जाऊ" म्हणाला असतास तर पहाटेचे दोन वाजले नसते. आणि ऑफलाइनचं म्हणाल तर आधीच ठरवून ठेवायचं, आमच्याकडं २४ तास थांबतात, तोवर दुसरा सीन चालू ठेवतात. सहा तास म्हणजे काहीच नाही, लोकांना नोकऱ्या आहेत.

गड्डा_फॅन

माझं जरा उलटं मत. प्रत्येक गोष्टीला परवानगी घेत बसलात तर तो खेळ कसला, सोसायटीची मीटिंग झाली ती. मरायची भीतीच नसेल तर अंतराळात जायचं कशाला, घरी बसा. १९७७ साली ट्रॅव्हलर नावाचा फासे टाकून खेळायचा रोलप्ले गेम आला होता, त्यात तर कॅरेक्टर बनवता बनवताच मरायचं, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच! लोक तरी आवडीनं खेळायचे की.

एमएच_तेरा

@गड्डा_फॅन बरोबर, पण तिथं फासा मारायचा, शेजारी बसलेला मित्र नाही. आणि खेळायला बसताना सगळ्यांना माहीत असायचं की असं होऊ शकतं. इथं मल्लूला कोणी सांगितलं होतं? मरण ठेवा की गोष्टीत, कोण नको म्हणतंय, फक्त ज्याचं मरण त्याला आधी कळू द्या. मला विचारून मारलं तर मी स्वतः असा मरेन की ग्रुप रडेल.

जेकार्ड_बॉय

आमचा चादरीचा माग होता म्हणून सांगतो. जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, त्यातल्या भोकांवरनं ठरतं कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही. लहानपणी मी गंमत म्हणून एका पट्टीत पेननं दोन भोकं जास्तीची पाडली होती. पट्ट्यांची माळ फिरून फिरून तीच पट्टी येते, त्यामुळं प्रत्येक मोराच्या मानेत त्याच जागी वेडावाकडा धागा, अर्धा दिवस कुणाच्या लक्षात नाही. आजोबांनी काय केलं ते इथं लिहित नाही. तुमच्या कॅप्टननं तेच केलंय, दुसऱ्याच्या पट्टीत भोकं.

मास्तर_१३

विज्ञान शिकवतो म्हणून एक सांगतो, मल्लू अजून मेलेला नाही. निर्वात जागेत माणूस फुटत नाही की लगेच गोठत नाही. साधारण १० ते १५ सेकंदांत शुद्ध जाते, पण त्यानंतरही मिनिटभराच्या आसपास आत ओढून हवा दिली तर वाचू शकतो. साठच्या दशकात नासाच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये एका माणसाच्या सूटची नळी निघाली होती, तो बेशुद्ध पडला, हवा परत सोडल्यावर शुद्धीवर आला आणि नंतर सांगितलं की शेवटचं आठवतं ते म्हणजे जिभेवरची थुंकी उकळतेय. तेव्हा कुणीतरी मल्लूला ओढा. फक्त मल्लूनं श्वास रोखून धरला होता असं लिहू नका, फुप्फुसं फाटतील.

पण हे ज्ञान कसं पाजायचं याचीही रीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये मीच एकदा माती खाल्ली. एक मुलगी छान लिहीत होती, मंगळावरनं पृथ्वीवरच्या आईशी फोनवर भांडण, आणि मी मध्येच सगळ्यांसमोर अर्धं पान खरडलं की प्रकाशाला मंगळ ते पृथ्वी ३ ते २२ मिनिटं लागतात, असं फटाफट बोलणं शक्य नाही वगैरे. बरोबर होतो, पण तिनं लिहिणंच सोडलं. तेच तिला वेगळं गाठून म्हणालो असतो की बोलणं तिकडं जाऊन उत्तर यायला पाऊण तासापर्यंत लागू शकतो, तेवढ्या वेळात ती काय करते ते लिही ना, तर केवढा सीन झाला असता! भांडताना पाऊण तास वाट बघायची म्हणजे काय. चूक काढायची तर सोबत काहीतरी द्यावं हे तेव्हा सुचलं नाही.

डॉक्टर_ऑन_गड्डा

काय बे मल्लू. ओळखलास ना, मी तुझ्याच यानातली डॉक्टर. इथं येऊन रडूलालास होय, ग्रुपवर बोलायचं सोडून.

कॅप्टन चुकला, शंभर टक्के. पण तुझं पण सांगते आता सगळ्यांना. डिसेंबरात मी एक सीन लिहिला होता, डॉक्टर एकटी, दवाखान्याच्या मागं, तीन नंबरच्या व्हॉल्व्हची गळती ती लपवते. यानात कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू काय लिहिलंस? "मल्लूला का कोण जाणे पण तीन नंबरकडं जावंसं वाटलं." का कोण जाणे! तुला माहीत होतं, कारण तू माझी पोस्ट वाचलीस. मल्लूनं कुठं वाचली होती? मी तीन आठवड्यांचं रहस्य रचलं होतं, तू एका ओळीत संपवलंस. मी गप्प बसले कारण म्हटलं पाण्यावर तुझा जीव आहे, जाऊ दे. आणि कॅप्टनला तुझा संशय कशावरनं आला, तर त्याच ओळीवरनं. त्याला वाटलं तू मुद्दाम हिंट दिलीस की मल्लूनंच फोडली.

अजून एक, तो आला तेव्हा आपण कोणी त्याला काही सांगितलं का? आपले नियम सगळे आपल्या डोक्यात. रविवारी हुरड्याला चाललोय सगळे, तोपण येतोय. तूपण ये, आणि तोंड वाकडं करून बसू नको.

मास्तर_१३

@डॉक्टर_ऑन_गड्डा याला मेटागेमिंग म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्याला माहीत असलेलं कॅरेक्टरलापण माहीत असल्यासारखं वापरणं, आणि 'का कोण जाणे' हे त्याचं सगळ्यात नेहमीचं वेषांतर आहे.

सातरस्ता_ते_शनी

अपडेट देतो. तीन नंबरचं मान्य, कान पकडले. तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, म्हणजे खरं सांगायचं तर थोडंसं आलं होतं पण गळती आहे हे कळल्यावर मला राहवलं नाही.

हुरड्याला गेलो. कॅप्टन म्हणजे बारीकसं पोरगं निघालं, दहा मिनिटं कोणाकडं न बघता नुसती शेंगाचटणी खात बसलं, मग म्हणालं मला वाटलं तुम्ही सगळे झोपलात आणि गोष्ट मरतीय. मी म्हटलं गोष्ट नाही, मी मेलो. मग हसला. ठरलं असं की एअरलॉकच्या आधीपर्यंत मागं जायचं, मधलं सगळं पुसलं. डॉक्टरची गळती परत तिच्या ताब्यात, मल्लूला काही माहीत नाही. सोमवारी सकाळी त्यानं नवीन पोस्ट टाकली, एकच ओळ: "कॅप्टननं पान्याकडं हात टाकला."

आता माझी पाळी आहे. काल रात्रीपासून विचार करतोय, वहीपण काढून बसलो, पण मल्लू पाना सोडेल का नाही ते काही केल्या ठरंना. २४ तास संपायला अजून तीन तास आहेत.