क्लचचे हायड्रॉलिक तेल बदलण्याबाबत मदत हवी आहे

माझ्या डिझेल गाडीत ब्रेक आणि क्लच या दोहोंना तेल एकाच टाकीतून मिळते. क्लचची नळी मात्र टाकीच्या बाजूला, बरीच वरच्या अंगाला जोडलेली आहे. पावसाळ्यात घाटातील रहदारीत क्लचचे पेडल मऊ पडू लागले आणि पहिला गिअर अडखळत पडू लागला, म्हणून गॅरेजमध्ये चारही चाकांचे ब्रेक ब्लीड करून, म्हणजे नळ्यांतील हवा आणि जुने तेल बाहेर काढून, तेल बदलून घेतले. ब्रेक आता उत्तम लागतात. पण क्लचच्या ब्लीडरला (हवा व तेल बाहेर सोडण्याच्या स्क्रूला) कोणी हातही लावला नाही, आणि टाकीतले फिकट पिवळे नवे तेल थोड्याच दिवसांत पुन्हा काळपट दिसू लागले. पातळी मात्र उतरलेली नाही.

ब्रेक-क्लचसाठीचे डॉट ४ तेल ओलावा शोषते आणि किमान २३० अंश सेल्सिअस असलेला त्याचा उत्कलनबिंदू ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. ‘क्लचचे तेल बदलायचे नसते’ हे मेकॅनिकचे म्हणणे त्यामुळेच मला पटत नाही.

तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असल्याने विचारतो, की दोघांनी मिळून पेडल दाबत ब्लीडिंग करणे पुरेसे ठरेल, की खालच्या ब्लीडरमधून सिरिंजने हळूहळू नवे तेल वर चढवणे बरे? तसे करताना टाकी भरून तेल रंगावर सांडू नये म्हणून ती आधी कितपत रिकामी करावी? आणि हा काळेपणा जुन्या तेलाचाच, की झिजणाऱ्या रबरी सीलचा, हे गिअरबॉक्स न उतरवता कसे ओळखावे?