नाक्यावरच्या हॉटेलात दूध-तुपाशिवाय नाश्ता-जेवण : वेगळं कॅफे हवं की फळ्यावर एक ओळ?

केवडा (पुणे)

व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेला, नाश्ता कुठे मिळेल असं पुण्यात विचारलं, की कोरेगाव पार्क नाहीतर बाणेरच्या कॅफेंची नावं पुढे येतात. ओटच्या दुधाची कॉफी, टोफूची भुर्जी, ॲव्होकाडो लावलेला टोस्ट. त्या जागा चांगल्या आहेत, चालाव्यात. पण कामावर जाताना आणि दुपारच्या सुट्टीत माणूस रोज खातो ते नाक्यावरच्या हॉटेलात. माझं म्हणणं असं की तिथे दूध-तुपाशिवायचं खाणं आधीपासून भरपूर शिजतं. नवे पदार्थ नकोत, वेगळं कॅफे नको. गल्ल्यावर विचारलं तर पक्कं उत्तर मिळत नाही, एवढीच अडचण आहे.

सकाळचं बघा. कांदेपोहे तेलात होतात. मिसळीत मटकी, कट, फरसाण, कांदा. दही वेगळ्या वाटीत येतं, ते नको म्हणायचं. बटाटेवडा, कांदाभजी, मेदूवडा, इडली. दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा, भरलं वांगं, आळूची पातळ भाजी, कुठलीही उसळ. १९९५ मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली : दोन चपात्या, भाजी, भात, वरण. गरिबाच्या पोटभर जेवणाची ही व्याख्या सरकारने दोनदा केली आणि दोन्ही वेळा यादीत दुधाचा पदार्थ नव्हता.

आता अडतं कुठे. उपीट उतरवताना चमचाभर तूप पडतं. साबुदाण्याची खिचडी कुठे तुपात, कुठे शेंगदाणा तेलात. साध्या डोशावरही न विचारता बटर फिरवतात. रवा डोशाच्या पिठात ताक असू शकतं, खोबऱ्याच्या चटणीत दही असू शकतं. वांग्याचं भरीत खानदेशी पद्धतीचं असेल तर बिनदह्याचं, आमच्या देशावरच्या खानावळीत बहुधा दह्याचं. सोलकढी नारळाच्या दुधाची असायला हवी, पण काही ठिकाणी ताकात आमसुलं घालून तीच म्हणून देतात. यातलं काहीही ताटाकडे बघून कळत नाही. वाढप्याला विचारावं तर तो "नसेल बहुतेक" म्हणतो. "बहुतेक"वर रोज कसं जेवायचं?

आपल्याकडे साध्या पावभाजीच्या गाडीवरसुद्धा "जैन मिळेल" अशी पाटी असते. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालून अख्खी भाजी वेगळी करण्याची तयारी असते. एकादशीला उपवासाचा फळा वेगळा लागतो. मी तर काही वेगळं शिजवा असंही म्हणत नाही. जे तेलातच शिजतं त्यापुढे तसं लिहा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांनी दूध, शेंगदाणे अशा ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०२२ पासून लागू आहे. नाक्यावरचं हॉटेल त्यातून सुटतं, आणि आपण जेवतो नेमके तिथेच.

दादरकर

मागणी पटली नाही. सकाळी साडेआठला उडप्याकडे उभं राहून बघा. तवा एक, कालथा एक, त्याच तव्यावर बटर डोसा उतरला की साधा डोसा पडतो. भजी ज्या कढईत तळली त्याच कढईत पनीर पकोडा तळतात. मालकाने फळ्यावर लिहिलं आणि भटाऱ्याने हाताच्या सवयीने तूप टाकलं, तर ते लिहिणं खोटं ठरलं. न पाळता येणारं वचन देण्यापेक्षा न दिलेलं बरं. ज्याला खात्री हवी त्याच्यासाठी वेगळं स्वयंपाकघर असलेली जागाच योग्य, आणि त्या खात्रीची किंमतही मोजावी लागणार.

शिवाय जैन गिऱ्हाईक कुटुंबाने येतं, रोज येतं, पिढ्यान्पिढ्या येतं. म्हणून पाटी लागली. चार-दोन माणसांसाठी कोण फळा बदलेल?

नागपुरी तर्री

आमच्याकडे सकाळी पोह्यांवर चण्याची तर्री घालून खातात. पोहे, चणे, तेल, मसाला, वरून कांदा आणि लिंबू. यात दुधाचा थेंब नाही आणि कधी नव्हता. ठेल्यावर उभं राहून अख्खं नागपूर व्हीगन नाश्ता करतं, त्यासाठी कुणाला वेगळी जागा शोधावी लागत नाही. केवडा यांच्याशी सहमत.

वारणाकाठ

मी दूध उत्पादक आहे, म्हणून वेगळ्या बाजूनं बोलतो. उसाची रक्कम कारखाना देईल तेव्हा येते. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. मुलांची फी, दवाखाना, किराणा त्यावर चालतो, आणि धार काढण्यापासून संस्थेत दूध घालण्यापर्यंतचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. हॉटेलं आमची गिऱ्हाइकं. उद्या प्रत्येक हॉटेलच्या फळ्यावर "दूध नाही, तूप नाही" असं ठळक लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटणार की दूध ही काहीतरी टाळायची वस्तू आहे. शहरात बसून हे सुचवणं सोपं आहे.

जनावरांचे हाल होतात हा तुमच्या लोकांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर खोंड, बैल कत्तलीला देता येत नाहीत, ट्रॅक्टर आल्यापासून शेतात त्यांना काम नाही, त्यामुळं गाईला खोंड झाला की शेतकरीच अडचणीत येतो. हे आम्ही रोज बघतो. पण त्याचं उत्तर दूध नाकारणं हे नव्हे.

केवडा

वारणाकाठ, खोंडाचा विषय तुम्ही स्वतः काढलात, त्याबद्दल आदर वाटला. मी दूध सोडलं त्यात तेही एक कारण होतं. पण इथे मी कुणाला दूध सोडा म्हणत नाहीये. मटकी, शेंगदाणा, ज्वारी, हरभरा हेही शेतकऱ्याच्याच रानातून येतं. आणि उपिटावर पडणारा तो चमचा तुमच्या गोठ्यातून आलेला असतो, असं खरंच वाटतं तुम्हाला?

भटारखाना (ठाणे)

या प्रश्नाचं उत्तर मी देतो. आमचं घरचं हॉटेल आहे, वडिलांपासून.

नाक्यावरच्या बऱ्याच हॉटेलांत "तूप" म्हणून जे वापरतात ते वनस्पती तूप, म्हणजे डालडा, असतं. साजूक तुपाचा भाव बघता उपिटाची प्लेट त्या दरात देणंच जमत नाही. वनस्पती मुख्यतः पामतेलापासून होतं आणि पामतेल बाहेरच्या देशांतून येतं. म्हणजे वाढपी "नसेल बहुतेक" म्हणतो तेव्हा टाळाटाळ करत नसतो. डब्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. तेच पनीरचं. स्वस्त थाळीतलं पनीर पुष्कळदा दुधाच्या फॅटचं नसून वनस्पती तेलाचं असतं. दुधाचा पदार्थ समजून घेणारा फसतो, आणि व्हीगन माणसालाही ते चालेलच असं नाही, कारण त्यात दूध पावडर असू शकते.

दादरकरांचा तव्याचा मुद्दा खरा आहे. डोसा मी कधीच "दुधाशिवाय" म्हणून लिहिणार नाही. पण इडली वाफेवर होते. पोह्यांची कढई वेगळी, उसळीचं पातेलं वेगळं. तिथे गोंधळ होण्याचं कारण नाही. आमची खरी अडचण बाहेरून येणाऱ्या मालाची. फरसाण दुसरीकडून येतं, पाव बेकरीतून येतो, तयार मसाल्याच्या पुड्या येतात. त्यात काय आहे हे मला दुकानदाराला विचारावं लागेल, आणि तोही "बहुतेक" म्हणेल.

वारणाकाठ

वनस्पतीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमच्या दुधाला भाव मिळत नाही म्हणून आम्ही रस्त्यावर दूध ओततो आणि शहरात तुपाच्या नावानं पामतेल खपतं. हॉटेलवाल्याला फळ्यावर तूप कुठलं, पनीर कशाचं हे लिहावं लागलं, तर त्याला माझा पाठिंबा आहे. केवडाताईंचं कारण वेगळं आणि माझं वेगळं. पण "दूध नाही" एवढंच न लिहिता जिथं खरं दूध-तूप आहे तिथं तेही लिहा, तरच.

केवडा

मान्य. मला घटक कळले म्हणजे झालं, मग ते दोन्ही बाजूंनी कळू देत.

शेवंता

या उत्साहात आरोग्याची बाजू सुटते आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात सुमारे दोनतृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. आपल्या शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक यांतूनच. तेवढाही आधार काढून घेणारं जेवण "नेहमीचं" म्हणून फळ्यावर मांडायला माझा विरोध आहे. तरुण मुली हे वाचून दूध सोडतात आणि पुढे गरोदरपणात त्रास भोगतात. खानावळीच्या थाळीत ताकाची वाटी असते ती उगीच नाही.

केवडा

ताई, ती पाहणी मलाही माहीत आहे, आणि मी तिचा अर्थ उलटा लावते. ते पुरुष काही व्हीगन नव्हते. दही-ताक घेणाऱ्या समाजातच ही कमतरता निघाली. म्हणजे ताकाची वाटी पुरी पडत नाही आणि तपासणी करून गोळी घेणं हे शाकाहारी माणसालाही लागतं. व्हीगन माणसाने तर ती घ्यायलाच हवी, यात वाद नाही. जो "गरज नाही" म्हणतो तो चुकीचं सांगतो.

शेवंता

गोळी घ्या हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते चांगलं. पण नाक्यावर पोहे खाणारा हा धागा वाचणार नाही, तो फळा वाचेल. विरोध कायम.

लेस्टरहून

दादरकरांसाठी थोडी माहिती. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक घटकांबद्दल, सुटा पदार्थ विकत असलात तरी, गिऱ्हाइकाला सांगता आलंच पाहिजे. दूध त्यात आहे. त्यासाठी कोपऱ्यावरची लहान कॅफेही एक तक्ता ठेवतात : डावीकडे पदार्थ, वर घटक, चौकटीत खुणा. तवा एकच असेल तर तसंही सांगतात. म्हणजे एकच तवा असणं हे गप्प राहण्याचं कारण होत नाही, सांगायची आणखी एक गोष्ट होते. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्या जिवाचा प्रश्न असतो, तो उठून जाईल. जो तत्त्वासाठी टाळतो त्याला तव्यावरचा अंश कदाचित चालेल. ते त्याला ठरवू द्या.

इथल्या गुजराती फरसाणवाल्यांकडेही हे तक्ते असतात, आणि ते काही मोठ्या कंपन्या नाहीत.

दादरकर

ब्रिटनमध्ये तपासायला माणूस येतो. आपल्याकडे नियम नसताना मालक मनाने लिहिणार आणि मनाने पुसणार.

आणखी एक धोका सांगतो. "व्हीगन" असं लिहू नका. २०२२ मध्ये व्हीगन अन्नाचे वेगळे नियम आले आहेत, चौकटीत हिरवा व्ही आणि त्यावर पान अशी खूणही ठरली आहे. ते नियम पाळल्याशिवाय व्हीगन म्हणून माल विकता येत नाही. कुणी हौसेने फळ्यावर तो शब्द लिहिला तर तोच अडचणीत येईल. लिहायचंच तर पदार्थात काय घातलं ते लिहा : "शेंगदाणा तेलात", "साजूक तुपात". त्याला माझी हरकत नाही, पण त्याला मी खात्रीही म्हणणार नाही.

मडगावची

आमच्या गोव्यात सकाळी हॉटेलात भाजी-पाव खातात. पातळ भाजी, सुकी भाजी, टोनाक, सगळं शिवराक म्हणजे शाकाहारी, आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं, दूध नाही. पण त्याच काचेच्या कपाटात शेजारी मंगळूर बन्स असतात आणि त्यांच्या पिठात केळ्याबरोबर दही असतं. पुरीसारखे दिसतात म्हणून बाहेरचे लोक बिनदुधाचे समजून खातात. माझ्या मते फळ्यावर लिहायचं तर अशाच पदार्थांचं आधी लिहावं. पोह्यांबद्दल कुणाला शंका नसते.

भटारखाना (ठाणे)

मडगावच्या ताईंचं बरोबर आहे. ज्यात दूध लपलेलं असतं तेच आधी लिहायला हवं.

काल रात्री भटाऱ्याबरोबर बसून यादी केली. इडली, मेदूवडा, पोहे, मटकीची उसळ, बटाटेवडा : रिफाइंड तेल, दूध-तूप काही नाही. वड्यांची कढई पनीर पकोड्याची नव्हे, ती आम्ही आधीपासून वेगळी ठेवतो. सांबारात काही नाही. खोबऱ्याच्या चटणीत आमच्याकडे दही पडतं, ते लिहिणार. उपिटात वनस्पती घालतो. ते लिहायला भटारी तयार नव्हता, मलाही संकोच वाटला. शेवटी ठरवलं की उपीट तेलात करायचं आणि तसं लिहायचं. रवा डोसा : ताक आहे. बाकी डोसे : एकाच तव्यावर, बटर वापरतो. जेवणात चपातीला वरून काही लावत नाही, डाळ तडक्याला तेल, कोशिंबीर दह्याची.

मिसळीपुढची जागा अजून कोरी आहे. फरसाणवाल्याने शेवेच्या पिठात मोहन तेलाचं असतं असं सांगितलं आहे, पावाबद्दल बेकरीवाला भट्टीवरच्या माणसाला विचारून सांगणार आहे.

केवडा

पावात दूध निघालं तर मिसळीपुढे तसं लिहा, आणि भाकरी किंवा ब्रेड पर्याय म्हणून देता येईल का तेही बघा. लादी भट्टीतून निघाल्यावर वरून काय फिरवतात, तेही त्या माणसाला विचारा. कुठे तेल असतं, कुठे बटर.