दीर्घ आजारांचा पूर्ण खर्च सरकार उचलतं, अशी यादी वडोदऱ्यात कुठे मिळेल?

न्यायमंदिर_कट्टा

शेजारच्या कुटुंबासाठी विचारतोय. काका ६६ वर्षांचे, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय. काकू ७१ वर्षांच्या, मधुमेह आणि बीपी. मुलगा, सून आणि ९ वर्षांची नात. नातीला थॅलेसेमिया मेजर आहे (अंगात नीट रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार). मुलाचं मंगळबाजारात लहान दुकान, घराचं वर्षाचं उत्पन्न साधारण साडेतीन लाख. रेशन कार्ड सगळ्यांचं एकच.

फ्रान्समध्ये म्हणे तीस दीर्घ आजारांची सरकारी यादी आहे, त्यात नाव बसलं की शंभर टक्के खर्च सरकारचा. आपल्याकडे अशी यादी कुठे बघायची? आणि या घराने पहिला अर्ज कशासाठी, कुठल्या कचेरीत करायचा?

सूरसागर_पाळ

अशी यादी इथे नाही. ती शोधण्यातच लोकांचे दोन-तीन आठवडे जातात. (फ्रान्सचे शंभर टक्केसुद्धा सरकारने ठरवलेल्या दराचे असतात, डॉक्टरने वर लावलेल्या पैशांचे नाहीत. असो.)

आपल्याकडे आयुष्मान कार्ड आजाराचं नाव बघत नाही. ते उपचाराचं पॅकेज, म्हणजे ठरावीक दराचा उपचार, बघतं. दाखल होणं, ऑपरेशन, डायलिसिस, केमोथेरपी, रेडिएशन यांना पॅकेज आहे. ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या, नुसता आजार शोधण्यासाठी केलेल्या तपासण्या यांना नाही. म्हणून एकाच घरातल्या तीन रुग्णांना तीन वेगळ्या दारांतून जावं लागेल. काकांचा मुख्य खर्च कार्डावर निघेल, नातीचा बराचसा सरकारी रक्तपेढी आणि थॅलेसेमिया विभागातून, आणि काकूंच्या गोळ्या जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरमधून.

गुजरातमधली योजना म्हणजे पीएमजेएवाय-मा (पीएमजेएवाय म्हणजे केंद्राची आयुष्मान योजना). २०१२ची 'मा' (मुख्यमंत्री अमृतम्) आणि नंतरची 'मा वात्सल्य' २०२१ मध्ये केंद्राच्या आयुष्मानमध्ये मिसळली. ११ जुलै २०२३ पासून राज्यात कुटुंबाला वर्षाला १० लाखांचं कवच आहे. उत्पन्नाची अट ४ लाख, ज्येष्ठांसाठी ६ लाख, म्हणजे हे घर आरामात बसतं. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. 'आजार जुना आहे, दोन वर्षं थांबा' ही खासगी विम्याची अट इथे नाही. माणसं किती, वय किती, याचंही बंधन नाही.

काकूंनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुरू झालं, उत्पन्न बघत नाहीत, नुसतं आधार लागतं. कुटुंब आधीच योजनेत असलं तरी सत्तरीपुढच्यांना केंद्राचे ५ लाख वेगळे मिळतात आणि ते घरातले बाकीचे वापरू शकत नाहीत. काकांच्या डायलिसिसमुळे कुटुंबाची रक्कम कमी होत जाईल तेव्हा काकूंचे पैसे सुरक्षित राहतील, यासाठी ते आजच काढायचं. उद्या त्यांना हृदयाचा झटका आला तर दवाखान्याच्या दारात ओटीपी शोधत बसण्यापेक्षा बरं.

अलकापुरी_गरनाळा

डायलिसिसबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

आधी हिशेब. आठवड्याला ३ म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एका वेळेचे दोन हजार धरले तरी ३,१२,००० होतात. दहा लाखांत बसतं, पण फिस्टुलाचं (डायलिसिससाठी हातात करायच्या जोडणीचं) ऑपरेशन, मधेच छातीत पाणी भरून आयसीयू, असं काही आलं तर आकडा वाढतो. म्हणून दर तीन महिन्यांनी आरोग्य मित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) कार्डातली शिल्लक विचारत जा.

दवाखाना ठरवताना 'आयुष्मान चालतं का' एवढंच विचारू नका. दवाखाना विभागवार जोडलेला असतो. हाडांच्या ऑपरेशनसाठी जोडलेल्या दवाखान्यात डायलिसिस कार्डावर होईलच असं नाही. 'नेफ्रॉलॉजी (किडनी विभाग), डायलिसिस कार्डावर आहे का, आणि तीन दिवसांचा ठरावीक स्लॉट मिळेल का' असं विचारा. एसएसजी (सयाजी रुग्णालय) आणि गोत्रीचं जीएमईआरएस रुग्णालय या दोन सरकारी ठिकाणी आधी चौकशी करा. खासगीत जायचं तर घरापासून जवळचं घ्या. चार तास मशीनवर आणि आधी-नंतरचा एक तास, असं आठवड्यातून तीनदा करायचं आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माणूस दोन महिन्यांत थकतो.

पहिल्या दिवशी बरोबर न्यायचं: काकांचं आयुष्मान कार्ड, आधार, आधारला जोडलेला मोबाईल (मुलाच्या खिशात दुकानात राहिलेला नव्हे, प्रत्यक्ष हातात), नेफ्रॉलॉजिस्टची चिठ्ठी, क्रिएटिनिन-युरिया-हिमोग्लोबिन-पोटॅशियमचे ताजे रिपोर्ट, सोनोग्राफी, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांचे रिपोर्ट. हे शेवटचे तीन नसले तर मशीनवर घेतच नाहीत. यातलं काही पॉझिटिव्ह असेल तर वेगळं मशीन लागतं आणि ती मशीन्स थोडी असतात, म्हणून स्लॉट शोधायला लवकर लागायचं. निगेटिव्ह असतील तर हिपॅटायटिस बीची लस लगेच सुरू करा. डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रा, ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६ महिने अशी देतात.

फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला रस्ता. तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. लोक तो पुढे ढकलतात, मग मानेतल्या तात्पुरत्या नळीवर महिने काढतात आणि थंडी वाजून ताप येतो तो त्या नळीतूनच. ऑपरेशन कार्डावर होतं. ज्या हातात फिस्टुला करायचा (बहुतेक डावा) त्या हातातून रक्त घेऊ द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, झाल्यावर बीपी मोजू द्यायचं नाही. हातावर पेनने लिहून ठेवलं तरी चालेल. नर्स बदलत असतात.

अंगठ्याचा घोळ. या वयात ठसे झिजलेले असतात, मशीन 'मॅच नाही' म्हणत राहतं. चेहऱ्याने किंवा डोळ्याने ओळख पटवता येते, ती सोय मागून घ्या. आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक एकदा ताजं करून घेतलं तर रोजची कटकट जाते.

पॅकेजमध्ये मशीन, डायलायझर (रक्त गाळणारी गाळणी), नळ्या, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) हे सगळं येतं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिन आणि लोहाचं इंजेक्शन यावरून मात्र वाद होतात, ते पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. गुजरातमध्ये रुग्णाला प्रत्येक डायलिसिसमागे जाण्यायेण्याचे ३०० रुपयेही मिळायचे असतात. बहुतेकांना ते माहीतच नसतं. बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा आणि आलेत का ते पासबुकात बघा.

न्यायमंदिर_कट्टा

फार उपयोग झाला. एक अडचण आत्ताच दिसतेय. रेशन कार्डावर काकूंचं नाव 'मालतीबेन', आधारवर 'मालती', आणि काकांच्या नावापुढे एकीकडे 'राव' आहे, दुसरीकडे नाही. चालेल का?

जनसेवा_खिडकी

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांचा हा ठरलेला आजार आहे! कचेरीतला कारकून सवयीने 'भाई', 'बेन' लावतो, आजोबांच्या काळापासूनचा 'राव' कुठे असतो कुठे नसतो, आणि सुनेचं एका कागदावर माहेरचं नाव. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करताना कॉम्प्युटर रेशन कार्डाच्या नोंदीशी आधार ताडून गुण देतो. गुण चांगले आले तर कार्ड लगेच, कमी आले तर अर्ज वर मंजुरीला जातो आणि तिथे नाकारला जाऊ शकतो. नुसत्या 'बेन'ने बहुधा अडत नाही. पण त्याबरोबर जन्मवर्ष किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर अडतंच.

काकूंची या बाबतीत काळजी नाही, वय वंदनाला रेशन कार्ड लागतच नाही. फक्त आधारवर जन्मतारीख बरोबर हवी. काका आणि नातीचं मात्र बघा. आधार धरून रेशन कार्ड दुरुस्त करायचं, उलटं नाही. आधार एकदा बदललं की बँक, पॅन, शाळा सगळीकडे धावावं लागतं. नातीचं नाव रेशन कार्डात चढलंय ना हेही तपासा. जन्माचा दाखला देऊन नाव चढवायचं राहिलेली मुलं पुष्कळ असतात, आणि रेशन कार्डात नाव नाही म्हणजे कुटुंबात नाही.

क्रम असा ठेवा: आधी रेशन कार्डाची दुरुस्ती, मग आवकचा (उत्पन्नाचा) दाखला, मग कार्ड. दाखला मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून किंवा डिजिटल गुजरात पोर्टलवरून निघतो. दुकानदाराला पगारपत्रक नसतं, त्यामुळे तलाटी पंचनामा करतो, दोन ओळखीचे साक्षीदार त्यांच्या आधारसकट तयार ठेवा. दाखला तीन वर्षं चालतो. त्याची मुदत संपली की कार्डही अडतं. डायलिसिसवरच्या माणसाचं कार्ड सोमवारी सकाळी मशीनच्या बाजूला उभं राहिल्यावर बंद निघालं तर त्या दिवसाचे पैसे खिशातून. मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

दवाखान्याने डिपॉझिट मागितलं, 'आधी भरा, मंजुरी आली की परत देऊ' म्हटलं, तर भरू नका. तिथूनच १४५५५ला फोन लावा, तक्रार क्रमांक घ्या. भरावेच लागले तर पक्की पावती घ्या. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार उभी राहत नाही.

रक्तगट_ओ

नातीबद्दल. तिला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागत असणार. थॅलेसेमियाच्या मुलांना सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळतं, प्रक्रिया शुल्क नाही आणि बदली रक्तदाता आणायची अटही नाही. एसएसजीत नोंद करून थॅलेसेमियाचं पुस्तक काढा. रक्त चढवायचं ते लाल पेशींचं, ल्युकोरिड्यूस केलेलं (पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं) मागा, म्हणजे ताप-थंडीच्या प्रतिक्रिया कमी होतात. चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन ९ ते १०.५च्या दरम्यान राहायला हवं. साडेसात-आठवर येईपर्यंत थांबवत राहिलात तर मुलीची वाढ खुंटते, चेहऱ्याची हाडं बदलतात.

घरचे रक्ताची काळजी करतात आणि लोहाकडे दुर्लक्ष करतात. प्रत्येक बाटलीबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, हृदय आणि यकृतात साठतं. त्यासाठी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज. पाण्यात विरघळणारी असेल तर वजनाच्या किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम. म्हणजे २५ किलोच्या मुलीला ५०० ते १००० मिलिग्रॅम, नेमकं डॉक्टर ठरवतात. उपाशीपोटी, काचेच्या पेल्यात पाणी किंवा संत्र्याच्या रसात ढवळायची, स्टीलच्या पेल्यात नाही. तळाशी उरलेला गाळ पुन्हा थोडं पाणी घालून प्यायला लावा, औषध तिथेही राहतं. दर तीन महिन्यांनी फेरिटिन (साठलेल्या लोहाची तपासणी), आणि दर महिन्याला क्रिएटिनिन, कारण ही गोळी किडनीला लागू शकते. गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते, पण साठा कधीकधी संपतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या घ्यायला जा.

दोन कागद अजून. थॅलेसेमिया २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, म्हणून यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढा. आणि नातीला सख्खं भावंड असेल तर एचएलए तपासणी (अस्थिमज्जा जुळते का ते बघण्याची) आत्ता करा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण वयाची मर्यादा १२ आहे. मुलगी ९ची आहे, हातात तीन वर्षं, आणि त्यातलं एक तपासण्या आणि प्रतीक्षायादीत जातं. मुलाला-सुनेला पुढचं मूल हवं असेल तर गर्भाच्या दहाव्या-अकराव्या आठवड्यात तपासणी होते, हे आधीच सांगा.

सूरसागर_पाळ

काकूंचं राहिलंच. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या नेहमीच्या गोळ्या अर्बन हेल्थ सेंटरवर मोफत मिळतात, महिन्याच्या एकदम. डॉक्टरने ब्रँड लिहिला असेल तर मूळ औषधाचं नाव लिहून मागा. तिथे नसलेली गोळी जनऔषधी केंद्रातून. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. घरात एक किडनीचा रुग्ण आहेच.

मुलगा आयकर भरत असेल आणि जुन्या करपद्धतीत असेल तर काकांच्या डायलिसिसवर आणि नातीच्या उपचारावर खिशातून गेलेल्या खर्चाची वजावट आयकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमाखाली मिळते. ज्येष्ठासाठी १ लाखापर्यंत, नातीसाठी ४० हजार. त्याला तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि कार्डाने भरलेला पैसा त्यात धरता येत नाही.

न्यायमंदिर_कट्टा

उद्या रेशन कार्ड आणि चौघांची आधार एका पिशवीत घालून निघतोय. काकूंचं वय वंदना आज रात्रीच मोबाईलवर करतो. मोबाईल त्यांच्या उशाशीच असतो, ओटीपीची अडचण नाही.