लिनक्सवर कोड कशात लिहिता? आपापले अनुभव सांगा

मी फोंड्याचा. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलं, सी आणि पायथन शिकतोय, आणि एडिटरपाशी, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमपाशी, अडलोय. 'अमुक भारी' एवढंच नको. कशामुळे टिकलात, कशामुळे सोडलंत ते लिहा.

साखळीहून: माझा निकाल पावसाने लावला. डेस्कटॉपला यूपीएस नाही. जूनमधली संध्याकाळ, तासाभराचा कोड विम या एडिटरमध्ये, सेव्ह केलेला नाही, आणि वीज गेली. आल्यावर फाइल उघडली तर विम विचारतो, स्वॅप फाइल सापडली, काय करू? 'आर' दाबला. शेवटची अर्धी ओळ सोडून सगळं परत! विम दर २०० अक्षरांनी, किंवा हात ४ सेकंद थांबला की, स्वॅपमध्ये लिहून ठेवतो. परत मिळालेलं आधी सेव्ह करा, मग जुनी स्वॅप फाइल पुसा, नाहीतर दर वेळी तोच प्रश्न विचारत बसतो.

पेडण्याहून: आणि विममधून बाहेर कसं पडायचं ते? पहिल्या दिवशी मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकीच, बंद केली होती. 'विमट्यूटर'ला, म्हणजे विमसोबत येणाऱ्या धड्याला, अर्धा तास द्या. नुसता विम उघडला की युगांडातल्या मुलांना मदत करा असं दिसतं, मला व्हायरस वाटला होता. विम ज्यांनी लिहिला त्या ब्राम मूलेनारांचं ते आवाहन.

पर्वरीहून: ऑफिसात व्हीएस कोड हा एडिटर. त्याच्या रिमोट एसएसएच या जोडणीने दूरच्या सर्व्हरवरचा कोड इथे बसून उघडतो, त्यासाठीच टिकलोय. पण त्याच्या पोटात अख्खं क्रोमियम ब्राउझर आहे. चवथीच्या सुट्टीत बहिणीच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर टाकला, शेजारी ब्राउझर उघडला आणि माउससुद्धा हलेना. तिला जीनी हा हलका एडिटर दिला. एफ९ने बिल्ड (कोडचा प्रोग्रॅम तयार), एफ५ने रन. खूश आहे.

म्हापशाहून: ईमॅक्स एडिटर, बारा वर्षं. कंट्रोल दाबून दाबून करंगळी दुखायची, म्हणून कॅप्स लॉकचा कंट्रोल केला. विम की ईमॅक्स, हा वाद नको.

डिचोलीहून: मी शिकवतो. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर असतो. माझ्या टर्मिनलमध्ये 'विद्यार्थी'तला 'द्या' फुटतो आणि रफार भलत्याच जागी जातो. शिवाय विममध्ये मराठी कीबोर्ड चालू राहिला की एकही आज्ञा लागत नाही, दर वेळी इंग्रजीवर या. केट या एडिटरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात.

फोंड्याहून पुन्हा: पर्वरीकर, माझी रॅमही ४ जीबीच. जीनी टाकला, पहिला प्रोग्रॅम एफ५ने चालला. विमट्यूटर रात्री, वीज राहिली तर.