गेम बॉयच्या 'टेट्रिस'मधली सी-टाइप धून कुणाची? अशा धुना ओळखायच्या कशा?

पिक्सेलपेटी:
मंडळी, गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्राच्या 'टेट्रिस'मध्ये (१९८९) संगीताचे तीन पर्याय येतात. ए-टाइप म्हणजे 'कोरोबेनिकी' हे रशियन लोकगीत, एवढं माहीत आहे. सी-टाइप मात्र हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोआधीचं, तारा छेडणारं कळवाद्य) लिहिल्यासारखी वाटते. फोनवरच्या ॲपला ऐकवली तर ते गेमचंच नाव सांगतं. मूळ रचना कोणती? आणि 'कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट'च्या लायब्ररीत जे हार्प्सिकॉर्ड वाजतं, ते बाखचं कोणतं? पुढच्या वेळी स्वतः शोधायचं तर सुरुवात कुठून करू? स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, पेटी येते.

डावा_हात:
सी-टाइप म्हणजे बाखच्या फ्रेंच सूट (नृत्यरचनांची मालिका) क्र. ३ मधला मिन्युएट हा नृत्यप्रकार, बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची सूची) ८१४, मूळ बी मायनरमध्ये. गेमसाठीची मांडणी हिरोकाझु तानाका यांची. सूटमधलं पहिलंच नृत्य ऐकून 'हे नव्हे' म्हणू नका. मिन्युएट शेवटच्या जीग या नृत्याच्या आधी येतो. शिवाय हार्प्सिकॉर्डची बरीच रेकॉर्डिंग ए हा स्वर ४१५ हर्ट्झला धरून लावलेली असतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. पट्टी जुळली नाही म्हणून रचना वेगळी ठरत नाही.

ॲप बिचकतं कारण ते धून ओळखतच नाही. ते ठरावीक रेकॉर्डिंगचा ध्वनिठसा जुळवतं, आणि चिपमधून निघालेल्या आवाजाचा ठसा गेमच्या ध्वनिफितीशीच जुळणार.

सप्तक_आठबिट:
पेटी येते, मग अर्धं काम झालंच. सरगममध्ये सा कुठेही धरता येतो, त्यामुळे गेमवाल्यांनी पट्टी बदलली तरी फरक पडत नाही.

आधी मुख्य धून एकटी काढा. गेम बॉयला आवाजाचे चारच चॅनेल आहेत: दोन पल्स, एक वेव्ह (हे तीन स्वरांसाठी), एक नॉइज (खरखरीचा). एमजीबीए या एम्युलेटरच्या (संगणकावर जुने गेम चालवणारा प्रोग्राम) ऑडिओ/व्हिडिओ मेनूत चॅनेल एकेक करून बंद करता येतात. एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या गेमसाठी एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये प्रत्येक चॅनेलचा आवाज वेगळा कमी होतो. इथे दोन गोष्टी फसवतात. दुसऱ्या पल्सवर बऱ्याचदा तीच धून जरा उशिरा आणि हळू वाजते, प्रतिध्वनीचा भास व्हावा म्हणून. तो चॅनेल चालू ठेवलात तर प्रत्येक स्वर दोनदा लिहाल. दुसरं म्हणजे, एका चॅनेलवर एका वेळी एकच स्वर निघतो, म्हणून कॉर्डचे स्वर अतिवेगाने आळीपाळीने वाजवले जातात. तो थरथरता आवाज धून नाही, सोडून द्या.

मग १२ ते १५ स्वर लिहा. सरावाला 'लेमिंग्ज' (१९९१) घ्या. त्यातल्या एका धुनेत सलग येतं: रे सा नि सा ग, म ग रे ग प (नि मंद्र, ग कोमल). पुढे ध प म प, ध कोमल आणि म तीव्र. एकच वळण पायरीपायरीने वर चढतंय बघा. हा मोझार्टचा तुर्की रोंडो, के. ३३१ (मोझार्टच्या रचनासूचीतला क्रमांक) सोनाटाचा तिसरा भाग. म्युझिपीडिया या धून शोधायच्या संकेतस्थळावर कंटूर (धुनेचा चढ-उतार) शोधात पहिल्या स्वराला तारा द्यायचा, पुढे वर गेला की यू, खाली आला की डी, तोच राहिला की आर. वरच्या दहा स्वरांचं होतं: डी डी यू यू यू डी डी यू यू.

डावा_हात:
'कॅसलव्हेनिया'चं उत्तर राहिलं. ते बाखचं नाहीच. 'वुड कार्व्हिंग पार्टिटा', मिचिरु यामाने यांची स्वतंत्र रचना, आणि फार सुंदर. बरोक वळणाचे हार्मनीचे क्रम तेव्हाचे सगळेच वापरायचे, म्हणून चार-पाच स्वर जुळले म्हणजे उचल सापडली असं नाही. बारा स्वर, त्यांची लय आणि खालचा बास, तिन्ही जुळले तरच नाव सांगा. बास (धुनेखालची खर्जातली साथ) तपासायला वरचे चॅनेल बंद करा आणि पियानोच्या रेकॉर्डिंगमधला डावा हात ऐका.

कंटूर कधीकधी कुचकामी ठरतो. 'जेट सेट विली' (१९८४) च्या सुरुवातीला बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग आहे, तोही स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या साध्या बीपरवर. तिथे मंद्र प, सा, कोमल ग हेच तिहेरी आवर्तन फिरत राहतं. अशी आवर्तनं शेकडो रचनांत आहेत. कोणत्या आवर्तनानंतर हार्मनी (एकत्र लागणाऱ्या स्वरांचा मेळ) बदलते ते मोजा, तीच खूण.

श्रेय लिहितानाही सांभाळा. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (बीडब्ल्यूव्ही परिशिष्ट ११४) अजून सर्रास बाखच्या नावावर खपतो. तो क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा.

पिक्सेलपेटी:
मनापासून आभार! सी-टाइप जुळली. मुरक्या आणि ट्रिल लिहायच्या का? आणि शोधात काहीच आलं नाही तर?

सप्तक_आठबिट:
नाही, फक्त मुख्य स्वर. ट्रिल प्रत्येक मांडणीत वेगळा असतो, आणि एक जास्तीचा स्वर पुढचा सगळा कंटूर सरकवतो. काहीच आलं नाही तर पहिला स्वर गाळून पुन्हा शोधा. गेममध्ये समेआधीचा स्वर कधी कापलेला असतो, कधी नव्याने जोडलेला. तरीही अडलं तर धुनेचा दुसरा भाग घ्या, सुरुवातीला बऱ्याचदा गेमवाल्यांनी स्वतःचे दोन-चार बार (मात्रांचे गट) घातलेले असतात.